‘ना’ निघेना : इंदूरच्या एका सहा वर्षांच्या विद्यार्थिनीचं प्रकरण

तबल्याच्या वर्गाची हजेरीची वही ठेवते, त्यात दर तासाला प्रत्येक विद्यार्थ्यापुढे मी एक ओळ लिहिते. गेल्या वर्षीच्या जुलै ते सप्टेंबरच्या पानांवर एका मुलीपुढे या ओळी आहेत : ‘लक्ष नाही.’ ‘तीनदा पाणी मागितलं.’ ‘ना निघत नाही, घरी सराव नसावा.’ ‘खिडकीबाहेर बघत होती.’ ‘हात ढिला.’ ‘आजीशी बोलणे.’ अकरा आठवड्यांत बावीस नोंदी. (‘ना’ हा तबल्याचा एक बोल, म्हणजे ठरावीक बोटांनी काढायचा आवाज.) त्यांत एकही तिच्या खांद्याबद्दल नाही, कोपराबद्दल नाही, तबल्याच्या उंचीबद्दल नाही. अडचण नेमकी तिथे होती आणि ती ओळखण्याचं काम माझं होतं. लहान मुलांना वाद्य शिकवणाऱ्यांना आणि आपल्या मुलांना वर्गाला घालणाऱ्या आईवडिलांना उपयोग व्हावा म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

मुलगी तेव्हा नुकतीच पहिलीत गेली होती, वय सहा पूर्ण. रामबागेत माझ्या घरी तिला तिची आजी घेऊन आली. आजी तिला ‘छोटी’ म्हणतात, मीही इथे तेच म्हणेन. तबलाच का, असं विचारलं तर आजी म्हणाल्या, “ताई, ही डबे वाजवते. सगळे डबे. तिच्या बाबांनी म्हटलं, वाजवायचंच तर ढंगाने वाजव.” घरात भजनाची परंपरा होती, गणपतीत रोजची आरती टाळ-ढोलकीसह व्हायची. छोटीची आई नोकरीमुळे संध्याकाळी उशिरा येई, त्यामुळे वर्गाला आणणं-नेणं आणि घरचा सराव हे दोन्ही आजींकडे.

या घराची अपेक्षा मोठी होती, आणि इंदूरमध्ये ती असतेच. होळकर दरबारातल्या नाना पानसे यांच्या पखवाजामुळे या शहराचं नाव देशभर झालं. पुढे तबल्यात उस्ताद जहांगीर खाँ यांनी इथे पिढ्या घडवल्या. जुन्या मराठी घरांत या नावांचा आदर अजून जिवंत आहे. तालाचं शिक्षण म्हणजे शिस्त, बैठक, घासून केलेला रियाज ही समजूत तिथूनच आली आहे. माझीही तीच होती. मी स्वतः अकराव्या वर्षी शिकायला लागले. तोवर माझे हात तबल्याला पुरेसे झाले होते, म्हणून मला कधी असा प्रश्नच पडला नव्हता. सहा वर्षांच्या मुलीलाही मी अकरा वर्षांच्या मुलीसारखंच बसवलं.

पहिले तीन तास उत्तम गेले. ‘तू’ छान वाजला, अगदी घुमणारा. डग्ग्यावर, म्हणजे डाव्या हाताच्या वाद्यावर, ‘क’ आला. ‘ति ट’ दोन बोटांनी स्वच्छ. चौथ्या तासाला मी ‘ना’ दिला आणि गाडी तिथे थांबली ती थांबलीच.

‘ना’ हा तबल्याचा कणा आहे. त्यात अनामिका शाईच्या, म्हणजे चामड्यावरच्या काळ्या गोलाच्या, कडेला हलकी टेकलेली असते, मधलं बोट वर, आणि तर्जनी चाटेवर, म्हणजे अगदी बाहेरच्या पट्टीवर, पडून लगेच उठते. आवाज टणत्कारासारखा, सूर धरून निघायला हवा. छोटीचा ‘ना’ ‘टप’ असा यायचा. मी तर्जनी सुधारली. टप. अनामिका सुधारली. टप. तिचा हात माझ्या हातात धरून वाजवला तेव्हा एकदा निघाला, तिने आनंदाने माझ्याकडे बघितलं, मी हात सोडला आणि पुन्हा टप. मी सांगितलं, रोज शंभर वेळा. पुढच्या आठवड्यात दोनशे.

यानंतरच्या खुणा मी पाहिल्या, पण त्यांचा अर्थ चुकीचा लावला. ती वाजवताना जीभ दातांत धरायची. उजवा खांदा कानाच्या दिशेने वर जायचा. मधूनच हात झटकायची. पाणी मागायची, आणि उठून परत येताना जरा बरी दिसायची. या सगळ्यावर मी ‘चंचल’ हा एक शब्द लिहून मोकळी झाले. घरी वीस मिनिटांच्या सरावाला ती रडू लागली. आजी सांगायच्या, “रोना-धोना सुरू होतं ताई, काय करू?” मी म्हटलं, थोडं लावून धरा. हे वाक्य मला आज आठवलं की वाईट वाटतं. आजी बिचाऱ्या माझ्या शब्दाखातर नातीला रोज रडवत होत्या.

एक गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवी होती. जे बोल येत होते आणि जे येत नव्हते, त्यांत एक सरळ फरक होता. ‘तू’, ‘क’, ‘ति ट’ यांत अनामिकेला शाईच्या कडेला टेकून राहावं लागत नाही. ‘ना’ आणि ‘तिं’मध्ये लागतं. एकाच मुलीचं लक्ष एका बोलाला असतं आणि दुसऱ्याला नसतं, असं होत नाही. लक्ष नसतं तर ‘ति ट’सुद्धा बिघडला असता.

अनंत चतुर्दशीची मिरवणूक झाल्यावर दोन दिवसांनी आजींचा फोन आला. छोटी दिवाणाखाली जाऊन बसली होती आणि वर्गाला येणार नाही म्हणत होती. मी विचारलं, काही म्हणाली का? आजी म्हणाल्या, “ती म्हणते, ताईंचा ना मोठ्या माणसांचा आहे.”

मी त्या रविवारी त्यांच्या घरी गेले, समजूत काढायला म्हणून. स्वयंपाकघरात आजी पोहे करत होत्या आणि छोटी पाटावर बसून समोरच्या उपड्या स्टीलच्या डब्यावर वाजवत होती. मला पाहून थांबेल असं वाटलं होतं, पण तिने बहुधा पाहिलं नाही. बोटं डब्यावरून चेंडूसारखी उसळत होती. मनगट सैल, खांदा खाली, जीभ तोंडात. माझ्या वर्गातली मुलगी आणि ही मुलगी एकच आहे यावर विश्वास बसेना. मी दारात उभी राहून बराच वेळ बघत राहिले. मग तिचं कोपर पाहिलं. ते डब्याच्या तळाच्या बरोबरीला होतं.

आजींच्या शिलाई मशीनच्या खणात टेप होती. ती घेऊन मी छोटीला जमिनीवर मांडी घालून बसवलं आणि मोजलं. जमिनीपासून कोपर साडेसहा इंच. वर्गात परत येऊन तबला मोजला : लाकडी खोड साडेदहा इंच, खाली दोन इंचांची चुंबळ (कापडी कडं), म्हणजे पुडी, वरचं चामडं, साडेबारा इंचांवर. मोठ्या माणसालाही पुडी कोपरापेक्षा थोडी वरच असते, माझं कोपर मांडी घातल्यावर जमिनीपासून नऊ इंच भरतं. पण मोठ्या माणसाचा दंड लांब असतो, तो जरा पुढे आणला की तीन-साडेतीन इंचांचा फरक निघून जातो. छोटीच्या बाबतीत फरक सहा इंचांचा होता आणि दंड आखूड. तो भरून काढायला तिला खांदा उचलावाच लागत होता. उचललेल्या खांद्याने मनगट सैल ठेवून बघा, जमत नाही. आणि मनगट सैल नसेल तर तर्जनी चाटेवर आपटते, उठत नाही. मी इतके आठवडे बोट सुधारत होते, आणि दोष बैठकीच्या उंचीत होता.

दुसरं माप हाताचं. माझी तर्जनी आणि अनामिका आरामात तीन इंच फाकतात. तिची जोर लावून सव्वादोन. वर्गातला तबला साडेपाच इंच तोंडाचा, काळी एक या पेटीच्या सुराला लावलेला. त्यावर अनामिका शाईच्या कडेला ठेवली की तर्जनी चाटेपर्यंत कशीबशी पोचायची, आणि पोचताना अनामिकेला ओढून दाबून धरायची.

अनामिका दाबल्याने नेमकं काय बिघडतं हे समजून घेण्यासारखं आहे, कारण आपण शिक्षक ‘हलकं ठेव’ म्हणतो पण का ते सांगत नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासोबत ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मृदंग-तबल्याच्या ध्वनीवर लिहिलं आणि १९३४ मध्ये त्यावर विस्ताराने निबंध प्रसिद्ध केला. साध्या चामड्याच्या पडद्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. तबल्याच्या शाईमुळे ते जुळतात आणि म्हणून तबला सुरात लागतो, हे त्यांनी दाखवलं. पडद्यावर बारीक वाळू पसरून कुठला भाग हलतो आणि कुठल्या रेषा स्थिर राहतात तेही पाहिलं. ‘तू’ मोकळा वाजतो तेव्हा सगळा पडदा एकत्र वरखाली होतो. ‘ना’मध्ये अनामिकेचा स्पर्श ते एकत्र हलणं थांबवतो, आणि मग पडदा दोन भागांत डोलतो, एक वर तेव्हा दुसरा खाली, मधे एक स्थिर रेष. अनामिका त्या रेषेवर असते. ती नुसती टेकली तर उरलेला पडदा मोकळा डोलतो आणि ‘ना’ सूर धरतो. दाबली तर डोलणंच मरतं आणि ‘टप’ येतं. छोटी चुकत नव्हती. तिच्या हाताच्या मापाला त्या तबल्यावर दुसरा आवाज निघणं जवळपास अशक्य होतं. आजींनी सांगितलेलं तिचं वाक्य शब्दशः खरं होतं.

या वयाच्या हाताबद्दल आणखी एक गोष्ट. मनगटात आठ लहान हाडं असतात आणि जन्मतः ती कूर्चेची असतात. ती एकेक करून वर्षानुवर्षं टणक होत जातात, सगळ्यात शेवटचं वाटाण्याएवढं हाड साधारण नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. म्हणून सहा वर्षांच्या मुलाला ‘दोनशे वेळा, जोराने’ सांगणं मी आता पूर्ण बंद केलं आहे. मूल हात झटकतंय म्हणजे थांबायचं, एवढंच.

व्हायोलिनच्या जगात हा प्रश्न केव्हाच सोडवलेला आहे. तिथे सोळांश, अष्टमांश, पाव, अर्धं, पाऊण अशी वाद्यंच मिळतात, मूल वाढतं तसं वाद्य बदलतं. जपानच्या शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांनी अगदी लहान मुलांना व्हायोलिन शिकवण्याची जी पद्धत बसवली, ती या लहान वाद्यांशिवाय शक्यच नव्हती. मूल मातृभाषा जशी ऐकत ऐकत, घरच्यांच्या सोबतीने शिकतं तसं वाद्य शिकेल, हा त्यांचा विचार. त्यांच्या पद्धतीत सुरुवातीला आई किंवा वडीलही वाद्य हातात घेतात. तबल्यात लहान जोड्या बनतात, पण आपल्या वर्गांतून त्या क्वचित दिसतात. ‘हात बसेल हळूहळू’ असं आपण म्हणतो आणि मूल वाढायची वाट बघतो. तोवर पुष्कळ मुलं सोडून जातात. किती जण ‘लक्ष नाही’ म्हणून माझ्याकडून सुटले असतील याचा विचार मी त्या रात्री वही चाळत केला. सहा-सात वर्षांची पाच नावं सापडली, आणि पाचही जणांच्या नोंदी छोटीच्या नोंदींसारख्याच होत्या.

आता काय केलं ते सांगते.

सगळ्यात आधी हातच थांबवले. महिनाभर छोटीने तबल्याला बोट लावायचं नाही, फक्त पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं. हे मला माझ्या जुन्या शिस्तीत शोधावं लागलं नाही, ते आपल्याकडे आहेच. तबला ही आधी बोलायची गोष्ट आहे. झाकिर हुसेन यांनी कित्येकदा सांगितलं आहे की ते तान्हे असताना वडील अल्लारखाँ त्यांच्या कानात बोल म्हणत. मी मात्र पढंत ही मोठ्या मुलांसाठी, कायदे, म्हणजे बोलांच्या बांधलेल्या रचना, पाठ करण्यासाठी ठेवली होती.

माझ्या बैठकीच्या खोलीतल्या फरशा दीड फुटी आहेत. चार फरशांचा एक विभाग, अशा चार ओळी, म्हणजे तीनताल. छोटी एकेका फरशीवर पाऊल टाकत ‘धा धिं धिं धा’ म्हणत चालायची. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या फरशीवर खाली, म्हणजे हात बाजूला झुलवायचा. खाली तिला सगळ्यात आवडली. ‘तिथे काहीच वाजत नाही पण तिथे जायला लागतं,’ असं तिने आजींना समजावून सांगितलं. मोठ्या विद्यार्थ्यांना खाली समजावताना मला इतक्या कमी शब्दांत कधी जमलं नव्हतं.

केरवा तिने स्वतःच बसवला. आठ मात्रांचा ठेका, ‘धा गे ना ती न क धि ना’. मी म्हटलं, याच चालीत तुझे शब्द घालून बघ. रविवारी सकाळी इंदूरमध्ये काय खातात ते सगळ्यांना माहीत आहे. तिने म्हटलं : ‘पो हे शे व जि ले बी दे’. बरोबर आठ. हे म्हणत ती पायऱ्या चढायची, आंघोळीला जायची, शाळेच्या रिक्षात म्हणायची. ऑक्टोबरभर त्या घरात केरवा चालू होता. मग मी एकेका अक्षराच्या जागी बोल परत ठेवला, ‘पो’च्या जागी ‘धा’, ‘शे’च्या जागी ‘ना’. लय तिच्या अंगात इतकी बसली होती की बोल बदलताना ती एकदाही अडखळली नाही.

आजींना मी वर्गात छोटीच्या शेजारी बसायला सांगितलं. त्या संकोचल्या. “माझी बोटं आता वाकत नाहीत ताई.” मी म्हटलं, आजी, टाळी तर देता येईल. त्या टाळी-खाली शिकल्या, दादरा आणि केरवा म्हणायला शिकल्या. घरच्या सरावाचं रूप इथून पालटलं. वीस मिनिटं सक्तीने बसण्याऐवजी संध्याकाळी देवापाशी दिवा लावल्यावर दोघी मिळून पाच-सात मिनिटं पढंत करू लागल्या. आजी चुकल्या तर छोटी दुरुस्त करायची. मला वाटतं, शिकवलेल्या गोष्टी त्या दुरुस्त्यांमध्येच तिच्यात पक्क्या झाल्या.

दरम्यान मी तबल्याच्या मागे लागले. वर्गातल्या तबल्यांच्या पुड्या वर्षानुवर्षं ज्यांच्याकडून बसवून घेते त्या चाचांकडे गेले आणि मापं सांगितली. त्यांच्याकडे शिसमचं जुनं साडेनऊ इंचांचं खोड पडून होतं. त्यावर पाच इंच तोंडाची पुडी. मी म्हटलं, कोवळ्या बोटांसाठी पुडी कडक नको. ते म्हणाले, “मुँह छोटा है तो कम खिंचाव में भी सुर ऊपर मिल जाएगा, नरम रखूँगा.” गोष्ट खरी आहे. तोंड लहान असलं की तोच सूर कमी ताणात मिळतो, आणि कमी ताणाची पुडी बोटाला लागत नाही. आम्ही तो काळी दोनपर्यंत चढवता येईल असा करून घेतला, पण छोटीसाठी पांढरी दोनवरच ठेवला. पातळ, एक इंचाची चुंबळ शिवून घेतली. पुडीची उंची आता साडेदहा इंच.

बैठकीसाठी सतरंजी आणि दोन जाड चादरी घडी करून चार इंच उंची केली, गुडघ्यांच्या बाजूला थोडी उतरती, म्हणजे पाय दुखत नाहीत. साडेसहा आणि चार, साडेदहा. कोपर आणि पुडी एका रेषेत आली.

दिवाळीनंतर ती या तबल्यावर बसली. लगेच ‘ना’ निघाला असं लिहायला मला आवडलं असतं. निघाला नाही. अकरा आठवड्यांची सवय शरीरात होती. तबला समोर आला की खांदा आपोआप वर जायचा, जरी आता त्याची गरज नव्हती. इथे मी पुन्हा बोटांच्या मागे लागले नाही. तबल्यावर फक्त ‘तू’ आणि ‘ति ट’, जे तिला येत होतं आणि आवडत होतं तेच, आणि मधूनमधून मी तिच्या खांद्यावर अलगद हात ठेवायचे. बोलायचे नाही. तासाला पंधरा मिनिटं वादन, बाकी चालणं, म्हणणं, ऐकणं. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केरवा वाजवायचा प्रयत्न करताना ‘धा गे’नंतर एक ‘ना’ निघाला. स्वच्छ, सूर धरलेला. ती थांबली. मी थांबले. आजींची टाळी तेवढी चालू राहिली, कारण त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. छोटी म्हणाली, “आजी, ऐकलं का? माझा ना.”

वहीत त्या दिवशीची नोंद : ‘ना निघाला. खांदा खाली. २३ पैकी ४.’ त्या तासात तिने तेवीस वेळा प्रयत्न केला होता आणि चार निघाले होते. दोन आठवड्यांनी अर्ध्याहून जास्त निघू लागले. ‘तिं’ मात्र जानेवारीपर्यंत रुसून होता. त्यात तर्जनी लवेवर, म्हणजे चाट आणि शाई यांच्या मधल्या भागावर, पडते, अनामिका तशीच टेकलेली, आणि दोन्ही बोटं जवळ असल्यामुळे तर्जनीबरोबर अनामिकाही नकळत दाबली जाते. त्याला वेळ लागतोच.

या सगळ्यात एक वाद झाला त्याची नोंद केली पाहिजे. छोटीच्या बाबांना मार्च-एप्रिलच्या सुमारास तिने प्रारंभिक परीक्षेला बसावं असं वाटत होतं. त्यांच्या बोलण्यात काळजी होती. वर्षाअखेरीस हातात काही दिसलं की मूल टिकतं, असा त्यांचा अनुभव होता, त्यांचा स्वतःचा लहानपणीचा पेटीचा अभ्यास परीक्षांमुळे टिकला होता. मी नाही म्हटलं. ठेके तिला येत होते, पण परीक्षेच्या तयारीत महिनाभर ठरावीक गोष्टी ठरावीक लयीत घोटाव्या लागतात, आणि ‘ना’ नुकताच उमललेला होता. घोटण्याने खांदा परत वर गेला असता, ही माझी भीती. ते थोडे नाराज झाले. त्यांना पटवण्यासाठी मी एक केलं : फेब्रुवारीतल्या एका रविवारी घरातल्याच चार माणसांपुढे छोटीने तीनतालाची पढंत केली, केरवा वाजवला, आणि आजींनी टाळी दिली. बाबांनी फोनवर ते टिपून घेतलं आणि नातेवाइकांना पाठवलं. परीक्षेचा विषय पुढच्या वर्षापर्यंत मागे पडला.

माझ्या ओळखीच्या एका ज्येष्ठ तबलावादकांनी हे सगळं ऐकून वेगळं मत दिलं. ते म्हणाले, लहान तबल्यावर बसलेला हात मोठ्या तबल्यावर पुन्हा बसवावा लागेल, तेव्हा दुप्पट कष्ट पडतील. मी हा मुद्दा झटकून टाकत नाही. बोटांमधलं अंतर बदलेल, पुडीचा प्रतिसाद बदलेल, हे होणार. पण मला वाटतं, बदलावं लागेल ते अंतर. सैल मनगट, हलकी अनामिका आणि खाली राहिलेला खांदा तसेच पुढे जातील. उलट मोठ्या तबल्यावर सुरुवातीला घट्ट झालेलं मनगट नंतर सैल करायला किती वर्षं जातात हे आम्ही दोघांनी पुष्कळ विद्यार्थ्यांमध्ये पाहिलं आहे. ते यावर हसले आणि म्हणाले, “बघू, दोन वर्षांनी तिला घेऊन या.” नेणार आहे.

डग्ग्याचा प्रश्न सुटलेला नाही. वर्गातला डग्गा नऊ इंच तोंडाचा आहे, आणि ‘घे’ वाजवताना मनगटाची टाच पुडीवर टेकवून बोटं शाईपलीकडे पडावी लागतात. छोटीचा तळहात त्यावर पुरत नाही, टाच टेकली की बोटं शाईवरच पडतात. सध्या टाच न टेकवता नुसत्या बोटांचा मोकळा ‘घे’ चालवला आहे. घसीट किंवा मींड, म्हणजे टाच घासून सूर वरखाली करणं, शिकवायचा विचारही केलेला नाही. लहान डग्गा शोधते आहे. आठ इंचांचा मिळाला तर बघायचं.

या पावसाळ्यात हवा दमट झाली तसा तिचा लहान तबला उतरू लागला. पुडी नरम ठेवल्याने ती लवकर उतरते. म्हणून हातोडीने गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणलेल्या वेढ्यावर, हलके ठोके कसे द्यायचे ते तिला शिकवलं. सूर लागला की नाही हे ती ‘ना’ वाजवून तपासते, पेटीवर आजी पांढरी दोन दाबून धरतात.

वर्गात आता नियम असा आहे की नवं मूल आलं की पहिल्या तासाला टेप निघते. जमिनीपासून कोपर, तर्जनी-अनामिकेचं अंतर, आणि तबल्याची उंची, हे तीन आकडे वहीच्या पहिल्या ओळीत. छोटीची मापं दर तीन महिन्यांनी घेते. गेल्या रविवारी कोपर सात इंच भरलं. बैठकीतली अर्ध्या इंचाची एक घडी काढून टाकली.